लिक्विड कूलिंगचे पंखे ओरडतात? नवे घेण्याआधी काय तपासायचं आणि घेताना काय बघायचं

लिक्विड कूलिंगमध्ये पंप नळ्यांतून पाणी फिरवून प्रोसेसरची उष्णता रेडिएटरपर्यंत, म्हणजे पातळ पट्ट्यांच्या जाळीपर्यंत नेतो, आणि तिथले पंखे ती बाहेर टाकतात. आधी आवाज ओळखा. रेडिएटरच्या पंख्यांची तक्रार घेऊन जे पीसी माझ्या टेबलावर येतात, त्यांचे आवाज साधारण असे असतात:

- नुसता ब्राउझर उघडला तरी पंखे एकदम चढतात, दहा सेकंदांत उतरतात, परत चढतात.
- पीसी सुरू केल्यापासून बंद करेपर्यंत एकाच जोरात सूं... काम असो वा नसो.
- एका ठरावीक वेगालाच कॅबिनेट घुमतं. वेग थोडा वर-खाली झाला की गप्प.
- वाँव-वाँव अशी लाट, जणू आवाज येतोय नि जातोय.
- टकटक किंवा खरखर.
- सुरू करताना गुळगुळ, हंड्यात पाणी हलल्यासारखी.
- थंडीत सगळं ठीक, एप्रिल लागला की आरडाओरडा.

या सगळ्यांवर लोक एकच औषध मागतात: "भाऊ, शांत पंखे कुठले घेऊ ते सांगा." नाशकात उन्हाळा सुरू झाला की मला असे फोन येत राहतात. माझा अनुभव असा, की बहुतेक वेळा पंखा बरा असतो, त्याला पळवणारं कारण वेगळं असतं. ते कारण तसंच ठेवून महागाचे पंखे लावले तर तेही तसेच पळतात, आणि पैसे जातात ते जातातच. म्हणून खालचा क्रम फुकटापासून सुरू केलाय. कृपया मधली पायरी गाळू नका.

नक्की कोण ओरडतंय?

वर्तमानपत्राची घट्ट सुरळी करा. कॅबिनेटची बाजू उघडा, सुरळीचं एक टोक कानाला लावा आणि दुसरं टोक एकेका पंख्यासमोर फिरवा, पात्यांपासून चार बोटं लांब ठेवून. पंप, ग्राफिक्स कार्ड, पॉवर सप्लाय, हार्ड डिस्क, सगळ्यांजवळ न्या. आवाज एका जागी एकदम मोठा होतो, तो तुमचा गुन्हेगार.

पंचवटीतला एक लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा मुलगा तीनही पंखे बदलून घ्यायला आला होता. सुरळी लावली तर खरखर येत होती खालच्या हार्ड डिस्कमधून. त्या डिस्कवर त्या सीझनचं सगळं फुटेज होतं. पंखे राहू दिले, आधी दुसऱ्या डिस्कवर कॉपी लावली. तेव्हापासून मी सुरळीशिवाय पुढे जात नाही.

पीसी ठेवलाय कुठे?

आपल्याकडच्या कॉम्प्युटर टेबलांना कॅबिनेटसाठी लाकडी खण असतो, मागे फळी, पुढे दार. त्यात रेडिएटरने बाहेर टाकलेली गरम हवा फिरून परत आत येते. रेडिएटरचा नियम सोपा आहे: आत येणाऱ्या हवेपेक्षा तो पाणी कधीच थंड करू शकत नाही. खणातली हवा खोलीपेक्षा ८ अंश गरम असेल, तर पाणीही तेवढंच चढणार आणि पंखे त्यामागे धावणार.

पीसी खणातून बाहेर काढा, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा आणि नेहमीचं काम अर्धा तास चालवा. आवाज उतरला तर इथेच थांबा, पुढचं काही वाचायची गरज नाही.

'थंडीत शांत, उन्हाळ्यात ओरडतो' याचंही उत्तर यातच आहे. डिसेंबरात खोली २० अंशांवर असते, एप्रिल-मेच्या दुपारी ३५-३६ वर जाते. तोच प्रोसेसर, तेच काम, पण पाणी पंधरा अंशांनी वर. डिसेंबरात लावलेली पंख्यांची सेटिंग मेमध्ये पंख्यांना कायम वरच्या टोकाला ठेवते. पंखा बिघडलेला नसतो, सेटिंग ऋतूला धरून नसते.

बायोसमधली सेटिंग

पीसी सुरू होताना डिलीट दाबत राहा, बहुतेक मदरबोर्डवर बायोस, म्हणजे बोर्डाचं स्वतःचं सेटिंगचं पान, उघडतं. पंख्यांचं पान शोधा आणि तीन गोष्टी बघा.

पहिली, हेडरचा (मदरबोर्डवर पंख्याची वायर लागते त्या पिनांचा) मोड. तीन पिनांचा पंखा व्होल्टेज कमी-जास्त करून हळू-जोरात होतो. चार पिनांच्या पंख्याला कायम १२ व्होल्ट मिळतात आणि वेगाचा हुकूम चौथ्या पिनेतून येतो. तीन पिनांचा पंखा पीडब्ल्यूएम मोडच्या (चौथ्या पिनेतून हुकूम देणाऱ्या) हेडरवर लावला, तर त्याला हुकूम पोचतच नाही आणि तो १२ व्होल्टवर पूर्ण वेगाने पळत राहतो. कायम एकसारखी सूं असेल तर मी पहिला संशय इथे घेतो. मोड डीसी (व्होल्टेजने वेग ठरवणारा) करा, संपलं.

दुसरी, पंप. पंपाची पिन त्याच्या स्वतःच्या हेडरवर असावी आणि वेग स्थिर असावा. पंप पंख्याच्या कर्व्हवर (किती तापमानाला किती वेग, त्या आलेखावर) बसवला तर तो तापमानाबरोबर चढ-उतार करत किरकिरतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: पंखे कोणाच्या तापमानावर चालतात? बहुतेक बोर्डांवर मुळात प्रोसेसरचं तापमान धरलेलं असतं. प्रोसेसर ब्राउझर उघडताना क्षणात वीसेक अंश उडी मारतो. पाणी मात्र तेवढ्यात जागचं हलत नाही. हिशेब करून बघा. १ किलो पाणी १ अंशाने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल लागतात. लूपमध्ये, म्हणजे पंप-नळ्या-रेडिएटरच्या फेऱ्यात, पाव लिटर पाणी धरलं, तर १०० वॅटची उष्णता घातल्यावर ते १ अंशाने वाढायला दहा सेकंद जातात, तेही रेडिएटर काहीच काम करत नाही असं धरून. म्हणजे तीन सेकंदांच्या उडीमागे पंख्यांनी धावून काहीही साधत नाही. पंखे पाणी गार करतात, प्रोसेसर नाही.

तुमच्या कूलरला पाण्याच्या तापमानाचा सेन्सर असेल तर पंखे त्यावर लावा. नसेल तर बायोसमध्ये पंखा चढायला आणि उतरायला लागणारा वेळ वाढवा. वेगवेगळ्या बोर्डांवर त्याला स्टेप अप टाइम, स्मूदिंग अशी नावं असतात. आणि कर्व्ह सपाट ठेवा. मी साधारण असा लावतो: प्रोसेसर ६० अंशांपर्यंत ८०० आरपीएम (मिनिटाला फेरे), ७५ ला ११००, ८५ ला १४००, त्यापुढे पूर्ण. उन्हाळ्यात हेच आकडे चार-पाच अंश पुढे सरकवतो. 'पंखे चढतात-उतरतात' ही तक्रार बहुतेक इथेच मिटते.

उष्णताच कमी करा

पंख्यांची चर्चा करताना हा मुद्दा लोक विसरतात, म्हणून थोडा वेळ घेतो. काही बोर्ड प्रोसेसरला लागेल तेवढी वीज ओढू देतात. एएमडीचा प्रोसेसर रायझन ९ ७९५०एक्स १७० वॅटचा म्हणून विकला जातो, पण सॉकेटमधून २३० वॅटपर्यंत घेतो. इको मोड, म्हणजे कमी वीज घेण्याची सेटिंग, १०५ वॅटवर ठेवला की ती मर्यादा १४२ वॅटवर येते. इंटेलचा आय९ १४९००के कंपनीच्याच आकड्यानुसार २५३ वॅटपर्यंत जातो, आणि बोर्डाने मर्यादा उघडी सोडली असेल तर त्याहूनही वर. रायझन ७००० मालिका तर पूर्ण कामात ९५ अंशांपर्यंत जावी अशीच बनवलेली आहे. तिथे 'तापमान वाढलं, पंखे वाढवा' या सेटिंगला पंखे पूर्ण पळवण्याशिवाय पर्यायच उरत नाही.

गंगापूर रोडवरच्या एका आर्किटेक्ट ताईंचा रेंडरिंगचा पीसी असाच होता. इको मोड लावला. रेंडर थोडं लांबलं, पण ऑफिसात फोनवर बोलता यायला लागलं. त्यांना तो सौदा पटला. तुम्हाला पटेल की नाही ते तुमच्या कामावर, पण पंख्यांवर खर्च करण्याआधी एक दिवस वापरून बघा.

धूळ, आणि ती दिसत नाही तिथली

पाथर्डी फाटा, म्हसरूळ, जिथे बघाल तिथे बांधकाम, त्यात सिंहस्थाच्या तयारीची खोदकामं. शहरात धूळ किती आहे ते गाडीच्या सीटवर हात फिरवला की कळतं. लोक कॅबिनेटची जाळी पुसतात, ब्लोअर मारतात आणि म्हणतात साफ केलं.

खरी धूळ पंखा आणि रेडिएटर यांच्या मधे असते. बाहेरून पंखा स्वच्छ, दुसऱ्या बाजूने पत्र्याच्या पट्ट्या स्वच्छ. चार स्क्रू काढून पंखा उचलला की खाली राखाडी थर निघतो, बोटाने एका तुकड्यात सोलता येईल असा, जुन्या गोधडीच्या अस्तरासारखा. मागे एकदा तो थर सोलून उजेडासमोर धरला, तर पलीकडचा बल्ब दिसेना. पंखा त्यातून हवा ढकलत होता, म्हणजे ढकलायचा प्रयत्न करत होता.

साफ करायचं असं: पीसी बंद, वायर भिंतीतून काढलेली. पंखे सोडवा, थर हाताने उचला. मग मऊ ब्रश पट्ट्यांच्या दिशेनेच फिरवा, आडवा फिरवला तर पातळ पट्ट्या वाकतात. ब्लोअर मारायचा तर ज्या बाजूने हवा बाहेर पडते त्या बाजूने, म्हणजे धूळ आली तशी परत जाते. पंख्यावर ब्लोअर मारताना पातं बोटाने धरून ठेवा. मोकळं सोडलं तर ते त्याच्या मर्यादेपेक्षा कितीतरी जोरात फिरतं आणि बेअरिंगला मार बसतो; आज साफ झालेला पंखा महिनाभराने खरखरायला लागतो तो यामुळे. पाणी, ओलं फडकं, कोलीन, काही नको.

घुमणं, टकटक आणि लाट

पीसी चालू असताना कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्यावर तळहात दाबा. आवाज पडला तर घुमतोय तो पत्रा. पंख्याच्या कोपऱ्यांना रबरी वॉशर लावा, कॅबिनेटखाली जाड रबर ठेवा. टकटक असेल तर पात्याला केबल लागतेय का बघा, झिप टायने ओढून बांधली की गप्प.

ठरावीक वेगालाच घुमत असेल तर तो वेग लिहून ठेवा आणि कर्व्ह तिथून उडी मारेल असा लावा, ९५० नंतर थेट ११५० असा.

वाँव-वाँव लाट दोन पंखे जवळजवळ सारख्या वेगाने फिरल्याने येते, दोन तंबोरे किंचित बेसूर लागावेत तशी. दोघांना वेगळ्या हेडरवर घेऊन एकाला पन्नासेक आरपीएम मागे ठेवा. नॉक्टुआने २०२४ पासून काही पंखे जोडीत विकताना दोघांचा वेग मुद्दाम थोडा वेगळा ठेवलाय, तो याच कारणाने.

गुळगुळ

हा आवाज पंख्याचा नाही, पाण्यातल्या हवेचा आहे. नळ्यांतून वर्षानुवर्षं थोडं पाणी उडतं आणि त्या जागी हवा जमते. हवा वर जाते, म्हणून लूपमधला सर्वांत उंच बिंदू रेडिएटरमध्ये असायला पाहिजे, पंपात नको. रेडिएटर कॅबिनेटच्या छताला असेल तर उत्तम. समोर उभा असेल तर त्याचं वरचं टोक पंपापेक्षा उंच ठेवा. जागा बरोबर असून गुळगुळत असेल तर पीसी चालू ठेवून कॅबिनेट सावकाश इकडेतिकडे कलतं करा, हवा रेडिएटरकडे सरकते. हार्ड डिस्क असेल तर हे करू नका, चालू डिस्क हलवणं वाईट. आठवडाभराने गुळगुळ परत आली, तर पाणी खरंच कमी झालंय. हे सीलबंद कूलर घरी भरायचे नसतात.

आता पंखे

इथपर्यंत सगळं केलं, तरी ८००-१२०० आरपीएमला पंखा कर्कशच लागतो किंवा बेअरिंग खरखरतंय, तर पंखे बदला. दुकानात डब्यावरचे आकडे कसे वाचायचे, ते सांगतो.

रेडिएटरसाठी हवेच्या एकूण आकड्यापेक्षा दाब महत्त्वाचा, डब्यावर तो एमएम एच-टू-ओ (पाण्याच्या उंचीचे मिलिमीटर) मध्ये लिहिलेला असतो. मोकळ्या जागेत भरपूर हवा फेकणारा पंखा दाट पट्ट्यांसमोर गळपटतो. पण डब्यावरचा दाब पूर्ण वेगाचा असतो, आणि पूर्ण वेगाने तुम्ही तो चालवणारच नाही. दाब वेगाच्या वर्गाने घटतो: वेग अर्धा, दाब पाव. म्हणून तुम्हाला हव्या त्या वेगाला पूर्ण वेगाने भागा, त्याचा वर्ग करा आणि डब्यावरच्या दाबाने गुणा.

समजा, एका डब्यावर ३००० आरपीएम आणि ४ चा दाब लिहिलाय. नॉक्टुआच्या एनएफ-ए१२एक्स२५ वर २००० आरपीएम आणि २.३४. पहिला दणकट वाटतो ना? दोघांना १२०० वर आणा. पहिला ०.६४ वर येतो, दुसरा ०.८४ वर राहतो. शांत चालवायचं असेल तर दुसराच जास्त ढकलतो. आर्क्टिकचा पी१२ हा १८०० आरपीएम आणि २.२० चा, त्याचं गणित ०.९८ येतं आणि किंमत बरीच कमी. हे सूत्र अंदाजाचं आहे, पण दुकानात फसवणूक टाळायला पुरतं.

डब्यावरचे डेसिबल मी शेवटी बघतो. ते मोकळ्या हवेत मोजलेले असतात, कंपन्यांच्या पद्धती वेगळ्या असतात, आणि तुमच्या पंख्यापुढे रेडिएटर असतो. वेगाचं गणित मात्र सगळ्यांना लागू आहे. वेग २००० वरून १४०० केला की आवाज साधारण ८ डेसिबलने उतरतो, अर्धा केला की १५ ने. एकाशेजारी तसाच दुसरा पंखा लावला तर वाढ फक्त ३ ची. त्यामुळे २४० मिमी लांबीच्या रेडिएटरवर दोन पंखे १५०० ला आणि ३६० वर तीन पंखे १००० ला, दोन्हीकडे एकूण हवा सारखीच, पण दुसरी जोडणी सुमारे ७ डेसिबलने शांत. नवा कूलर घेणारच असाल तर कॅबिनेटमध्ये मावेल तेवढा मोठा रेडिएटर घ्या. शांततेसाठी तो पंख्याच्या ब्रँडपेक्षा जास्त काम करतो.

बाकी लवकर सांगतो. चौकट चौकोनी आणि चारही कोपरे बंद असावेत. गोल चौकटीच्या पंख्यातून रेडिएटरच्या कोपऱ्यांतून हवा गळते. बेअरिंग फ्लुइड डायनॅमिक घ्या, साधं स्लीव्ह आडवं बसवलं की लवकर झिजतं. तीनही पंखे एकाच मॉडेलचे घ्या. जुने पंखे एकमेकांना खास चुंबकी किंवा वेगळ्या पिनेने जोडलेले असतील तर नवे त्यात बसणार नाहीत, आधी बघा. एकाच हेडरवर स्प्लिटर (एका टोकाची अनेक टोकं करणारी वायर) लावत असाल तर पंख्यांच्या स्टिकरवरचे अँपिअर मिळवा. बहुतेक हेडर १ अँपिअरचं असतं. लाइटचे पंखे असतील तर ५ व्होल्टची तीन पिनांची एआरजीबी केबल १२ व्होल्टच्या चार पिनांच्या आरजीबी हेडरवर बळजबरीने बसवू नका, दिवे जागीच जळतात.

पंख्यामागे जाळी एकदम चिकटलेली असेल तर पंखा शांत असूनही किंचाळतो, कारण हवा आत ओढताना मधे अडथळा आला की आवाज जास्त होतो. शक्य असेल तर पंखा असा बसवा की ओढायची बाजू मोकळी राहील आणि ढकलायची बाजू रेडिएटरला चिकटेल.

स्क्रू: इथे जिवावर बेततं

कूलरबरोबर आलेलेच स्क्रू वापरा. जाडी २५ मिमीच्या पंख्याला ते ३० मिमीच्या आसपास असतात. कोपऱ्यात पडलेला लांब स्क्रू सापडला म्हणून घातला, तर त्याचं टोक रेडिएटरच्या आतल्या पाण्याच्या चपट्या नळीला भोक पाडतं. छताला रेडिएटर असेल तर ते पाणी थेट ग्राफिक्स कार्डावर. मी असं कार्ड हातात घेतलंय, कनेक्टरभोवती हिरवट डाग पडलेलं. स्क्रू लावण्याआधी पंख्याशेजारी उभा धरून बघा, पंख्याच्या बाहेर चार-पाच मिलिमीटरपेक्षा जास्त येत असेल तर ठेवून द्या. बोटाने फिरवा, समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने कसा, अडकला की थांबा. जोर लावायचा नाही.

पेस्ट आणि पंपाची बैठक

पंखे बदलूनही प्रोसेसर साध्या कामात ८०-८५ वर असेल तर पंपाखालची, प्रोसेसरची उष्णता पंपाकडे पोचवणारी पेस्ट वाळलेली असू शकते. ट्यूब स्वस्त, पण काम नाजूक. पंप काढण्याआधी पीसी दहा मिनिटं चालवून कोमट करा, बंद करा, मग पंप डावी-उजवीकडे हलकेच पिळून सोडवा. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर (यात पिना प्रोसेसरला असतात) सरळ वर ओढलात तर पिनांसकट प्रोसेसर उपटून येतो. हात बसलेला नसेल तर ही पायरी जाणकाराकडे द्या.

इथे थांबा, स्वतः काही करू नका

रेडिएटर, नळी किंवा पंपाजवळ ओलसर, चिकट किंवा हिरवट-पांढरा डाग दिसला तर शटडाउनची वाट बघू नका. भिंतीचं बटण बंद करा, वायर काढा, आणि सुकलंसं वाटलं तरी परत लावू नका.

बायोसमध्ये पंपाचा वेग शून्य दिसतोय, किंवा एक नळी चटका देते आणि दुसरी गार आहे, तर पाणी फिरत नाहीये. पंखे कितीही चांगले आणले तरी उपयोग नाही.

कूलर वॉरंटीत असेल तर सील, स्टिकर, नळीची टोकं यांना हात लावू नका. बिल घेऊन विक्रेत्याकडे जा. बऱ्याच कंपन्या ५-६ वर्षांची वॉरंटी देतात आणि उघडलेला कूलर परत घेत नाहीत.

दुरुस्तीवाल्याकडे येताना रेडिएटरची लांबी आणि जाडी, कॅबिनेटचं मॉडेल, सुरळीने ओळखलेला आवाज आणि तो कितव्या आरपीएमला येतो एवढं कागदावर लिहून आणा. जमलं तर मोबाइलवर अर्धा मिनिट रेकॉर्डही करा, कारण दुकानात आणल्यावर रस्त्याच्या गोंगाटात तोच पीसी शांत वाटतो.